फिल्मवर कामाच्या सायकली: शटर, फोकस आणि उन्हाळ्यात रोल धुणं

पेठेतला_पेंटॅक्स

पुण्याच्या पेठा आणि मुंबईत चर्चगेटच्या आसपास कामाच्या सायकलींवर कृष्णधवल मालिका करायची आहे. रविवारी हेल्मेट घालून सिंहगडाकडे निघणारे स्वार यात नकोत. दूधवाले, पेपरवाले, पाव पोचवणारे, धार लावणारे, डबेवाले, म्हणजे ज्यांचं पोट सायकलवर आहे तेच हवेत. आणि त्यांच्या भोवतीचं शहर.

साहित्य: पेंटॅक्स के १००० (हाताने फोकस करायचा फिल्म कॅमेरा), ५० मिमी एफ २ लेन्स, इलफर्ड एचपी ५ प्लस (४०० वेगाची कृष्णधवल फिल्म). दुसरी लेन्स एकच घेता येईल.

अडचणी अशा. १/१२५ सेकंदाच्या शटरवर काढलेल्या फोटोत सायकल धड थांबलेलीही दिसत नाही आणि धड पळतानाही दिसत नाही, नुसती हललेली वाटते. समोरून येणाऱ्या सायकलीवर फोकस करेपर्यंत ती निघून गेलेली असते. पांढरे कपडे आणि पांढरी टोपी असली की चेहरा काळा पडतो. शिवाय रोल घरीच धुवायचे आहेत, पण एप्रिल-मे मध्ये नळाचं पाणीच २८-३० अंशांवर असतं. तिथे डेव्हलपरचे (चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे) २० अंशांसाठी दिलेल्या वेळांचे तक्ते कसे वापरायचे?

नेमके आकडे मिळाले तर बरं होईल. "सराव करा, जमेल" हे माहीत आहे.

---

आरे_आणि_रिम

आधी शटरचं गणित मांडतो, बाकीचं त्यातूनच ठरतं.

रिकामी सायकल मोकळ्या रस्त्यावर ताशी १५ किमीच्या आसपास जाते, म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर. दुधाच्या किटल्या लावलेली किंवा गल्लीतली सायकल ताशी ८-१० किमी. ५० मिमी लेन्सने ५ मीटरवरून फोटो काढला की फिल्मवरची प्रतिमा वस्तूच्या साधारण शंभरावा भाग असते. आडव्या जाणाऱ्या सायकलीसाठी:

१/१२५ ला सायकल ३.४ सेंटीमीटर पुढे सरकते, फिल्मवर ०.३४ मिमी. १/५०० ला फिल्मवर ०.०८ मिमी. १/१००० ला ०.०४ मिमी.

साधारणपणे ०.०३ मिमीपर्यंतचा धूसरपणा डोळ्याला खटकत नाही असं धरतात. म्हणजे १/१२५ ला तो दसपटीहून जास्त आहे. सायकल थांबलेली दिसायला तो फार, आणि वेग जाणवायला फार थोडा. तुमचा अडलेला मुद्दा हाच आहे. आडव्या सायकलीसाठी १/६० ते १/२५० हा पट्टा विसरून जा. एकतर १/५००-१/१००० वर जा, नाहीतर सरळ १/३० वर उतरून कॅमेरा सायकलीबरोबर फिरवा.

सायकल ४५ अंशांत तिरपी येत असेल तर फिल्मवरची हालचाल सुमारे ७० टक्क्यांवर येते. थेट समोरून येणाऱ्या सायकलीला १/२५० सुद्धा चालतं, तिथे अडचण फोकसची असते.

आता एक गंमत बघा. कॅमेरा स्थिर असेल तर चाकाचे सगळे भाग सारखे हलत नाहीत. टायर जिथे रस्त्याला टेकतं तो बिंदू त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो आणि चाकाचा माथा सायकलीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. त्यामुळे १/५०० च्या फोटोत खालचे आरे सुटे सुटे मोजता येतात आणि वरचे पंख्यासारखे पुसले जातात. सायकल चालली आहे हे सांगायला एवढं पुरतं, म्हणून "शटर वेगवान ठेवलं की फोटो मेलेला वाटतो" हे मला पटत नाही. पायांचंही तसंच आहे. खाली गेलेला पाय सायकलीच्या मानाने मागे जात असतो, म्हणून तो स्पष्ट येतो, वरचा पाय जास्त हलतो. एक पाय तळाला सरळ ताणलेला असताना बटण दाबा, माणसाची आकृती तेव्हा सगळ्यात मोकळी दिसते.

फोकस: येणाऱ्या सायकलीच्या मागे फोकसची रिंग फिरवत बसू नका. जागा आधी ठरवा. ड्रेनेजचं झाकण, रस्त्यावरचा पट्टा, दुकानाची पायरी, काहीही चालेल. ५० मिमी, एफ ८ (लेन्सचं छिद्र; आकडा जितका मोठा तितकं ते लहान), फोकस ५ मीटरवर ठेवला की ३.४ ते ९.६ मीटरपर्यंतचं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. एफ ११ आणि ४ मीटर ठेवलंत तर २.६ ते ८.५. हे आकडे तुमच्या लेन्सच्या नळीवरच्या पट्टीवरही वाचता येतील. चाक त्या खुणेवर आलं की दाबा. के १००० ला मोटर नाही, लिव्हर ओढून पुन्हा दाबेपर्यंत सायकल गेलेली असते. तेव्हा एका सायकलीला एकच फ्रेम धरून चाला.

दुसरी लेन्स म्हणाल तर ३५ मिमी. पेठांतल्या बऱ्याच गल्ल्यांत मागे ५ मीटर सरकायला जागाच नसते. ३५ मिमी, एफ ८, ३ मीटरवर फोकस: १.९ ते ७.३ मीटर. शिवाय ५ मीटरवरून १/१००० ला हालचाल ०.०३ मिमीच्या आत बसते.

---

ग्रेन_मोठा_चालेल

वरचं गणित बरोबर आहे, पण १/५०० चा आग्रह मला मान्य नाही. शहर दाखवायचं असेल तर कॅमेरा फिरवून काढलेला फोटो हवाच. सायकल स्थिर आणि मागची दुकानं आडवी पुसलेली, हा परिणाम दुसऱ्या कशाने येत नाही. फक्त तो कधी आणि कुठे काढायचा हे ठरलेलं पाहिजे.

पहिली अडचण उजेडाची. ४०० च्या फिल्मला भर उन्हात १/५०० आणि एफ १६ लागतं. तिथे १/३० करायचं तर एफ ६४ हवं, ते तुमच्या लेन्सवर नाही. मोकळ्या सावलीतही १/३० ला एफ १६-२२ येतं. म्हणून सूर्य इमारतींच्या वर येण्याआधीची वेळ धरा. तेव्हा १/३० ला एफ ८ च्या जवळपास मिळतं. पेपरवाले आणि दूधवाले त्याच वेळी बाहेर असतात, हे सोयीचंच आहे. उशीर झाला तर दोन स्टॉप खाणारा, म्हणजे उजेड दोनदा निम्मा करणारा, एनडी ४ फिल्टर लावा, किंवा १०० ची फिल्म भरा.

उभं राहायची पद्धत: पाय ज्या दिशेला बटण दाबणार त्या दिशेला रोवा, सायकल येते त्या बाजूला नाही. कंबरेतून वळून सायकल १०-१२ मीटर लांब असतानाच पकडा. कोपर अंगाला चिकटलेले. स्वाराचा खांदा किंवा सीट व्ह्यूफाइंडरच्या मधल्या वर्तुळात धरून बरोबर फिरत या, समोर आला की हलकेच दाबा आणि दाबल्यावरही फिरत राहा. १/३० ला आरसा वर असेपर्यंत व्ह्यूफाइंडर काळा होतो. बहुतेकांचा हात नेमका तिथेच थांबतो आणि फोटो जातो.

स्वार स्पष्ट पण पुढचं चाक पुसट असं दिसलं तर तुम्ही फार जवळ आहात. ३ मीटरवरून पुढचं आणि मागचं चाक तुमच्या डोळ्याशी वेगवेगळ्या गतीने कोन बदलतात, कॅमेरा त्यातल्या एकाच गतीने फिरू शकतो. ५-६ मीटरवर गेलात की फरक कमी होतो.

पार्श्वभूमी मुद्दाम निवडा. कोऱ्या भिंतीसमोर कॅमेरा फिरवून काहीच पुसलं जात नाही, कारण पुसायला काही नसतं. उभ्या पट्ट्यांची लोखंडी शटरं, लटकलेले कपडे, दुकानाच्या पाट्या, पार्क केलेल्या गाड्यांच्या चमकत्या कडा, यांच्या रेघा सुंदर येतात. एका रोलमध्ये दोन-तीन फ्रेम मनासारख्या निघाल्या तर रोल वसूल समजा.

पुण्यातल्या दिशा: लक्ष्मी रस्ता पूर्व-पश्चिम जातो. सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिलात तर सायकली प्रकाशाच्या विरुद्ध येतात, धूळ आणि टोपीची कड चकाकते, चेहरा मात्र जातो. बाजीराव आणि शिवाजी रस्ते उत्तर-दक्षिण आहेत, तिथे सकाळी एक बाजू बराच वेळ सावलीत असते. कॅमेरा फिरवण्याच्या फोटोंना ती बाजू उत्तम. मंडईच्या भोवती माल उतरवण्याची गर्दी असते, तिथे सायकल वेगात जातच नाही. तिथे उभ्या सायकली काढा.

---

डबा_नंबर

वर सगळी चर्चा पळत्या सायकलीची झाली. पण कामाची सायकल दिवसातला मोठा भाग उभी असते, आणि काम तेव्हाच दिसतं. डबेवाल्यांचंच घ्या.

उपनगरातून घरोघरचे डबे सकाळी गोळा होतात, स्थानकावर वर्गवारी होते, लोकलने चर्चगेटला येतात आणि साधारण साडेअकराच्या सुमाराला बाहेरच्या फुटपाथवर पुन्हा वाटणी होते. मग सायकली आणि हातगाड्या ऑफिसांकडे सुटतात. साडेबारा-एकपर्यंत डबे पोचलेले असतात. दुपारी हेच उलटं. हे काम १८९० पासून चालू आहे आणि त्यात तुमच्या फोटोसाठी थांबायला जागा नाही. भिंतीला पाठ लावून उभे राहा, वाटेत गुडघ्यावर बसू नका, "जरा इकडे बघा" म्हणू नका. बोलायचं असेल तर दुपारी डबे परत येण्याआधी थोडी उसंत असते, तेव्हा नमस्कार करून विचारा. पुढच्या वेळी ५ बाय ७ चे प्रिंट घेऊन जा, मग ओळख आपोआप होते. स्थानकाच्या आत कॅमेरा काढला की परवानगीचा प्रश्न येतो. फुटपाथवर एवढं काही घडतं की आत जायची गरज नाही.

जवळून काय बघायचं: डब्याच्या झाकणावर रंगाने काढलेली अक्षरं आणि आकडे. कुठल्या स्थानकावरून आला, कुठे उतरायचा, कुठली इमारत, कितवा मजला, हे सगळं त्या चार-पाच खुणांत असतं. हँडलला दोन्ही बाजूंनी डबे अडकवले की सायकल वळवताना माणूस कोपर बाहेर काढतो, हे फक्त डबेवाल्याच्याच अंगात दिसतं. मागच्या कॅरिअरला दोर कसा गुंडाळला आहे तेही काढा. ५० मिमी, १ मीटर अंतर, एफ ८ ला स्पष्ट भाग सुमारे १९ सेंटीमीटर मिळतो, एफ ४ ला जेमतेम ९-१०. झाकण आणि हात दोन्ही हवे असतील तर एफ ८ पेक्षा जास्त उघडू नका.

आता पांढऱ्या टोपीचं. के १००० चा उजेड मोजणारा मीटर सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि वर आभाळ असलं की त्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि चेहरा काळा पडतो. उपाय: त्याच उजेडात आपला तळहात कॅमेऱ्यासमोर धरून मीटर वाचा आणि एक स्टॉप जास्त उघडा. दर फोटोला नाही, उजेड बदलला की एकदा. दुपारच्या उन्हात टोपीच्या कडेची सावली डोळ्यांवर पडते, तिथे आणखी अर्धा ते एक स्टॉप द्या. सदरा उडेल ही भीती नको. एचपी ५ दोन स्टॉप जास्त सहज पचवते, पण सावलीत जे टिपलंच गेलं नाही ते कुठल्याही डेव्हलपरने येत नाही. भर उन्हात संपूर्ण रोल काढला असेल तर धुण्याची वेळ १५ टक्के कमी करा, पांढरा ताब्यात राहतो.

के १००० च्या मीटरला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर टोपण नसेल तर बॅटरी उतरत राहते. एलआर ४४ चा एक सेल खिशात असू द्या.

पुण्यात याच धर्तीवर पंक्चरचं दुकान बघा. ट्यूब बाहेर काढून हवा भरली जाते, घमेल्यातल्या पाण्यात ती हाताने दाबत पुढे सरकवतात, बुडबुडे आले की बोट तिथेच राहतं. मग पुसून, कानशीने घासून सोल्यूशन लावतात आणि ते सुकेपर्यंत दोन-तीन मिनिटं सगळेच थांबलेले असतात. बुडबुड्यांना १/१२५ पुरतं, उजेड बाजूने आला तरच ते दिसतात. सोल्यूशन सुकतानाच्या थांब्यात गिऱ्हाइकाचा चेहरा काढा. धार लावणाऱ्याची सायकल स्टँडवर चढवलेली असते आणि माणूस जागच्या जागी पॅडल मारत असतो. तिथे १/३० ला कॅमेरा खांबाला टेकवा, ठिणग्यांच्या रेघा येतात आणि माणूस स्थिर राहतो.

---

चोवीस_अंश

फक्त धुण्याबद्दल.

२० अंशांचा हट्ट सोडा. मे महिन्यात बर्फ घालून २० वर आणलेलं पाणी टँक हातात धरल्यावर चढत जातं आणि वेळेचा हिशेब चुकतो. सगळं २४ अंशांवर करा, तेवढं टिकवता येतं. टबमध्ये पाणी घ्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला बर्फ त्यात सोडा, डेव्हलपर, फिक्सर (चित्र पक्कं करणारं रसायन) आणि धुण्याच्या पाण्याच्या बाटल्या सगळ्या त्याच टबमध्ये. बर्फ थेट रसायनात टाकू नका, ते पातळ होतं.

एचपी ५ ला आयडी ११ हा डेव्हलपर न पातळ करता २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात. २४ वर ती सव्वापाचच्या आसपास येतात. पाच मिनिटांच्या जवळ गेलं की ओतण्या-काढण्यातल्या फरकानेही डाग आणि पट्टे दिसायला लागतात. म्हणून एकास एक पातळ करा: २० वर १३ मिनिटं, २४ वर साधारण ९. पातळ केलेला डेव्हलपर एकदाच वापरून टाकायचा. पहिली १० सेकंद हलवा, मग दर मिनिटाला १० सेकंद, आणि प्रत्येक वेळी टँक ओट्यावर ठोका म्हणजे बुडबुडे सुटतात.

डेव्हलपर २४ ला आणि धुण्याचं पाणी नळाचं ३० ला, असं करू नका. गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, बोट लागलं तरी ओरखडा उठतो. इलफर्डची पद्धत पाणीही वाचवते: फिक्स झाल्यावर त्याच तापमानाचं पाणी भरून टँक ५ वेळा उलटा, ओता, पुन्हा भरून १० वेळा, पुन्हा भरून २० वेळा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते, त्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवर पाण्याचे थेंब साचू न देणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब. बोअरिंगचं पाणी वापरलंत तर वाळल्यावर निगेटिव्हवर क्षारांचे ठिपके राहतात आणि ते पुसून जात नाहीत.

फिल्म रीळावर चढवताना ती अर्ध्यात अडकणं ही उन्हाळ्या-पावसाळ्यातली नेहमीची तक्रार. प्लॅस्टिकच्या रीळात ओलावा असेल किंवा चेंजिंग बॅगमध्ये (हात घालून फिल्म चढवायच्या काळ्या पिशवीत) हाताला घाम आला तर फिल्म खाचेत चिकटते. रीळ आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवा. बॅगेपेक्षा रात्री बिनखिडकीच्या बाथरूममध्ये चढवणं सोपं जातं. फिल्मच्या पुढच्या टोकाचे दोन्ही कोपरे गोल कापा.

संध्याकाळी मंडईत किंवा दुकानांच्या दिव्यांत काढायचं असेल तर एचपी ५ पूर्ण रोल १६०० वर धरा, म्हणजे कॅमेऱ्याची डायल १६०० ला ठेवा, आणि धुताना: आयडी ११ न पातळ करता, २० अंशांवर १४ मिनिटं, २४ वर दहाच्या जवळ. त्यातून उजळ भाग वर येतात, सावल्या येत नाहीत. म्हणून स्वार दिव्याखाली आला तरच दाबा. अर्धा रोल ४०० आणि अर्धा १६०० असं करता येत नाही, सगळा रोल एकाच वेळेत धुतला जातो. रोलच्या डबीवर काढलेला आकडा लगेच लिहा.

पावसाळ्यात निगेटिव्ह वाळायला रात्र लागते. पंखा लावू नका, धूळ चिकटते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, आणि जेलचा रंग बदलला की ते भाजून पुन्हा वापरा. ओलाव्यात महिनोन्महिने बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते आणि ती कोटिंग खाते.

---

पेठेतला_पेंटॅक्स

सगळ्यांचे मनापासून आभार. ३५ मिमी बघतो, आणि सकाळी बाजीराव रस्ता १/३०, साडेअकराला चर्चगेट एफ ८ असं ठरवतो. एक शेवटचं: दोन-तीन रोल रंगीत काढावेत असं वाटतं. हाताने डबीत भरलेला २५०डी (कोडॅकची सिनेमाची रंगीत फिल्म) स्वस्त पडतो. तो चालेल का?

---

आरे_आणि_रिम

चालेल, पण आधी धुण्याची सोय बघा. ती सिनेमाची फिल्म आहे आणि तिच्या पाठीला रेमजेटचा काळा थर असू शकतो. रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या नेहमीच्या सी ४१ मशीनमध्ये ती गेली तर तो थर सुटून रसायनात मिसळतो आणि दुसऱ्यांचे रोलही खराब होतात, म्हणून बऱ्याच लॅब घेत नाहीत. "ईसीएन २ (सिनेमाची फिल्म धुण्याची पद्धत) करता का?" असं विचारा, आणि रोलवर मोठ्या अक्षरात लिहून द्या. न सांगता कुणाच्याही काउंटरवर ठेवू नका.

डबीवर फिल्मचा वेग सांगणारा डीएक्स कोड नसतो, के १००० तो वाचतही नाही, तेव्हा डायल हाताने २५० ला बसवा. २०० आणि ४०० च्या मधल्या ठिपक्यांत २०० च्या लगतचा ठिपका २५० चा. ही दिवसाच्या उजेडाची फिल्म आहे, सोडियमच्या दिव्याखाली सगळं नारिंगी येईल. हाताने भरलेल्या रोलमध्ये फ्रेम ३६ च असतील असं नाही, आणि शेवट नुसत्या चिकटपट्टीने कोअरला लावलेला असतो. लिव्हर अडली की जोर लावू नका. ती पट्टी सुटली तर फिल्म डबीत परत गुंडाळता येत नाही आणि कॅमेरा अंधारातच उघडावा लागतो. रिवाइंडचं बटण दाबा आणि गुंडाळून घ्या, काउंटर ३४ दाखवत असला तरी.